घोडीचं हळदीकुंकू

लग्न होऊन मी घाटकोपरला आले तेव्हा मला धरून घरात माणसं तीन होती, आणि जनावरं किती होती ते त्यांना घडवणाऱ्यालाही मोजता आलं नसतं. माहेरी सांगितलं होतं, मुलगा ऑफिसात आहे, घरात फक्त सासू, दीर-नणंदांचा व्याप नाही, सुखात राहशील. मी माप ओलांडलं आणि मापातले तांदूळ जमिनीवर सांडतात न सांडतात तोच एका आंधळ्या बोकडाने ते फस्त केले. वर माझ्या शालूचा पदर चावून बघितला. सासूबाई म्हणाल्या, "पसंत पडलीस हो त्याला. नाहीतर शिंग लावतो."

सासूबाईंचं कपाळ मोकळं झालं ते माझ्या नवऱ्याच्या मुंजीच्याही आधी. पण आवाज भरजरी होता. त्यांनी मागच्या आवारातून "ऊठ गं" अशी हाक मारली की विक्रोळीला झोपलेल्या बायका उठून चूल पेटवायच्या. त्या आवारात गावभरची टाकलेली जनावरं होती. तीन पायांचा कुत्रा होता, दूध आटलेली म्हैस होती, उंदराला बघून माळ्यावर चढणारं मांजर होतं. या सगळ्यावर एक मंडळ होतं. म्हणजे मंडळाला अध्यक्ष होते, शिक्का होता, छापील कागद होते. शेण काढायला सासूबाई होत्या.

अध्यक्ष कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. समोरच्याच घरात राहायचे. घरी बायकोने पिठलं केलं तरी सूचक कोण आणि अनुमोदक कोण ते विचारल्याशिवाय पानावर बसायचे नाहीत. दरवर्षी थंडीत ते शाळेच्या हॉलमध्ये जनावरांच्या मदतीसाठी एक नाटक करवायचे. नाटक असं असायचं की दुसऱ्या अंकात प्रेक्षक देवाचा धावा करायचे. पण तिकिटं खपायची, आणि त्यातून वर्षाचं गवत यायचं.

आवारातलं सगळ्यात मोठं तोंड होतं घोडीचं. स्टेशनावरच्या घोडागाडीची ती पांढरी घोडी. गाडीवाला म्हातारा गावी गेला तो परत आला नाही, आणि घोडी एके सकाळी गुडघा सुजवून आमच्या दारात उभी राहिली. तिला कुणी पत्ता दिला देव जाणे. सासूबाईंचा आणि तिचा जीव एकमेकींत असा अडकला की सासूबाई दुपारच्या आडव्या होताना खाट उचलून तिच्या पडवीत टाकायच्या. माझ्या ह्यांना बाळपणी थोपटून झोपवलं नसेल तेवढं त्या घोडीला थोपटायच्या. "हिला बोलून दाखवता येतं," म्हणायच्या, "ही उलट बोलत नाही." हे मला उद्देशून असायचं.

मग ते वर्ष आलं. मुंबई महाराष्ट्रात घालायची की नाही यावरून शहर पेटलं. गोळीबार झाले, घराघरांतली माणसं गेली. त्याची थट्टा माझ्या जिभेवर कधी येणार नाही. आमच्या घाटकोपरला त्या आगीची धग लागली ती बंदीच्या रूपाने. पाच किंवा जास्त माणसांनी एकत्र जमायचं नाही, आणि दिवेलागणीनंतर घराबाहेर पडायचं नाही. नाक्यावर एक हवालदार आणून उभा केला. त्याला बघितलं की लोक धडाधड खिडक्या लावून घ्यायचे.

अध्यक्ष आमच्या ओसरीवर आले. ते, सासूबाई, हे आणि मी, असे बरोबर चार. पाचवी होती शेजारच्या चाळीतली मालवणी वहिनी. तिचा नवरा गिरणीत, आणि तिची खिडकी आमच्या ओसरीच्या नाकासमोर. ती स्वतःच्या घरात उभी राहून बोलत असल्यामुळे कायद्याला तिचं काही करता येत नव्हतं. तसं ते कुणालाच करता आलेलं नाही.

अध्यक्ष म्हणाले, "नाटक रद्द. मंडळाकडे गवत आहे ते रथसप्तमीपर्यंत पुरेल. तोवर सोय झाली नाही तर बाकीची जनावरं कशीबशी निभावतील, पण घोडी नाही. चेंबूरच्या बाजूला एक खाणवाला आहे. दगडाच्या गाडीला जनावर शोधतोय. त्याला मी शब्द देऊन ठेवलाय."

"त्या गुडघ्याने दगड ओढणार ती?" सासूबाई म्हणाल्या. "आठ दिवस टिकायची नाही. तुम्हीच का नाही लागत गाडीला? गुडघे तुमचे बरे आहेत."

"बाई, मी व्यवहाराचं बोलतोय."

"मीही गुडघ्यांचंच बोलत्ये."

भांडण पेटणार तेवढ्यात हे म्हणाले, की लोकांना न जमवता मदत कशी जमवायची ते बघू या. आणि मग आमच्या ओसरीवर अशा एकेक कल्पना निघाल्या, की त्या ऐकून बोकडाने रवंथ थांबवला.

पहिली कल्पना अध्यक्षांची. नाटक होणार नाही, पण तिकिटं विकायची. लोकांनी घरी बसावं आणि जनावरांना मदत केल्याचं पुण्य घ्यावं.

"म्हणजे न होणाऱ्या नाटकाची तिकिटं?" ह्यांनी विचारलं.

खिडकीतून वहिनी म्हणाली, "ह्या बरा झाला! गेल्या वर्साचा नाटक मी बघलंय. न बघण्यासाठी मी दुप्पट देतंय. आणि अध्यक्षांचा भाषण पण नसतला मां? मगे तिप्पट घेवा."

अध्यक्षांनी तिच्याकडे असं बघितलं, की कोर्टात असते तर तिला सहा महिने सक्तमजुरी झाली असती. पण तिकिटं त्यांनी खरोखर विकली. म्हणजे विकायला निघाले. एकाने विचारलं, पुढच्या रांगेत न बसण्याचे वेगळे पैसे आहेत का. दुसऱ्या गृहस्थांनी तिकीट घेतलं आणि संध्याकाळी परत करायला आले. नाटक झालं नाही ते ठीक, म्हणाले, पण मध्यंतराचा चहा तरी घरपोच यायला हवा होता. झालं, कल्पना तिथेच संपली.

दुसरी कल्पना ह्यांची. ह्यांना पेटी वाजवता येते असं ह्यांना वाटायचं. सगळ्यांनी आपापल्या गॅलरीत बसावं, ह्यांनी आमच्या गच्चीवरून वाजवावं, आणि मग मी दारोदार जाऊन काय मिळेल ते आणावं. ह्यांनी सूर धरला आणि मी पाहिलंय हो डोळ्यांनी, टेकडीवरची माकडं सहकुटुंब पलीकडे उतरली. लोकांनी पैसे दिले नाहीत असं नाही. पण 'आता बंद करा' म्हणून दिले, आणि ते घेऊन गवत आणायला सासूबाईंना लाज वाटली. ह्यांना अजून वाटतं लोकांना राग भैरवी कळत नाही.

तिसऱ्या खेपेला अध्यक्ष, हे आणि मी डबा घेऊन निघालो. लोक सढळ हाताने देऊ लागले. एका आजीबाईंनी तर डोळ्यांना पदर लावून कनवटीचे पैसे काढले आणि म्हणाल्या, "घ्या रे बाळांनो, मुंबई सोडू नका." अध्यक्ष पडले सचोटीचे. म्हणाले, "आजी, हे मुंबईसाठी नाही, घोडीसाठी आहे." आजीबाईंनी डबा उलटा करून आपले तर घेतलेच, आधीच्या घरचेही घेतले. त्यात नाक्यावरच्या हवालदाराला वाटलं आम्ही चळवळीची वर्गणी गोळा करतोय. त्याने आम्हाला अडवलं. अध्यक्षांनी त्याला मंडळाची घटना पहिल्या कलमापासून ऐकवायला घेतली. तिसऱ्या कलमाला तोच आम्हाला सोडून पळाला.

आणि मग घोडीनेच वाट दाखवली. संक्रांतीची माझी सुगडं मी मागच्या खिडकीत ठेवली होती. बघते तर घोडी मान आत घालून त्यातलं गाजर खात्येय. गाजर झालं, ऊस झाला, हरभऱ्याचे घाटे झाले, गव्हाच्या ओंब्या झाल्या. बोरं तेवढी बियांसकट थुंकली. मी ओरडायला तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. अहो, सुगडात आपण जे घालतो ते कुणाचं जेवण आहे? देवादिकांचं म्हणतात, पण ते सरळ घोड्याचं पान वाढलेलं आहे!

त्या वर्षी रथसप्तमी संक्रांतीपासून चांगली महिनाभर लांब होती. महिनाभर हळदीकुंकवं चालणार. आणि हळदीकुंकवात जमतं कोण? कुणीच नाही. बायका येतात, टेकतात न टेकतात, कुंकू लावून घेतात, वाण घेतात आणि पुढच्या घरी. दोन आत, दोन दारात, दोन रस्त्यात. कायद्याने धरायचं म्हटलं तर कुणाला धरणार?

मी ओसरीवर येऊन जाहीर केलं, "आपण घोडीचं हळदीकुंकू करू. येणारीने घोडीची ओटी भरायची. चणे, गाजरं, ऊस, कडबा, भुसा, जे जमेल ते. चारचार जणींनी मागे जायचं आणि टोपल्यात घालायचं."

"आणि वाण काय लुटायचं?" ह्यांनी विचारलं.

"आवारात काय भरपूर आहे?"

भरपूर होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. सासूबाई रोज थापून भिंतीला लावत होत्या. पण चेष्टा नाही, वखारी बंद पडल्या होत्या, बंबात घालायला कुणाकडे लाकूड नव्हतं, आणि गोवरीचं वाण म्हणजे त्या दिवसांत सोन्याचं वाण.

वहिनीने एक कायदेशीर शंका काढली. "पण गो बाये, घोडयेचो घोव जिवंत आसा? नायतर तिका कुकू कसा लावतलंस?"

मी हसले. सासूबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नसेल तर लावू नका. आम्ही दोघी मागे बसू."

वहिनीने खिडकीत जीभ चावली. मी करंडा उचलला, पडवीत गेले आणि घोडीच्या कपाळावर चांगला रुपयाएवढा टिळा ओढला. तिने तो लगेच माझ्या खांद्याला पुसला. अशी सवाशीण.

हळदीकुंकवाच्या दिवशी मी सासूबाईंना म्हटलं, "आई, तुम्ही घोडीपाशी थांबा ना. तिला तुमची सवय आहे."

"नको गं. सवाष्णींच्या वाटेत मी कशाला? एखादी मला बघून दारातून परत जायची, आणि तिच्याबरोबर घोडीचा घास जायचा." आणि त्या आतल्या खोलीत दार लोटून मटार सोलत बसल्या. त्यांच्या आवाजात काही नव्हतं. वर्षानुवर्षं त्या अशाच बसत आल्या होत्या. आणि घोडीचं पोट ओळखणारं घरातलं एकच माणूस होतं, ते असं दाराआड गेलं.

दुपारपासून रीघ लागली. मी पुढच्या दारात हळदकुंकू लावत होते, चारचा गट करून मागे सोडत होते. चार आल्या की चार जात. अशी शिस्त मी नंतर फक्त मिलिटरीच्या संचलनात पाहिली. घाटकोपरात इतक्या बायका आहेत हे सरकारलाही ठाऊक नसावं. हवालदार नाक्यावरून बघत होता आणि बोटांवर मोजत होता. दर वेळी चारच भरत. शेवटी कंटाळून त्याने काठीला टेकून डोळे मिटले.

आता मागे काय चाललं होतं ते ऐका. टोपल्यात घालायच्या आधी प्रत्येकीला वाटे, एक घास तिच्या मुखी घालावा. आलोय तर तोंड गोड करावं. मग कुणी गाजर दिलं, कुणी मूठभर हरभरा, कुणी तिळगूळ; "घे गं, गोड बोल." आणि घोडीचा चेहरा! स्टेशनावर आयुष्य काढलेलं जनावर ते, गिऱ्हाईक ओळखायचं. चारजणी आल्या की मान खाली टाकायची, डोळे ओले करायची. बायका म्हणायच्या, "अगंबाई, हिला अजून कुणी काही दिलेलंच दिसत नाही!" सगळ्या एकदम जमल्या असत्या तर कुणीतरी म्हणालं असतं, अगं पुरे, मघापासून खात्येय. पण कायद्यानेच जमायला बंदी. दर चौकडीला वाटे आपणच पहिल्या.

मागून वहिनीची किंकाळी आली तेव्हा उन्हं अजून भिंतीवर होती. मी धावले. घोडी पडवीत खाली बसली होती, पाय झाडत होती, मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघत होती. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं. अंगाला घाम.

आतलं दार धाडकन उघडलं. सासूबाई आल्या. बायका वाटेतून बाजूला झाल्या. सासूबाईंनी घोडीच्या पोटाला कान लावला.

"काय खाल्लंन?"

"मी एकच गाजर दिलं हो," एक म्हणाली.

"मीपण एकच."

"मी तर फक्त तिळगूळ."

पुढच्या दारातल्याही तेच म्हणाल्या, रस्त्यातल्याही तेच. अख्ख्या घाटकोपराने एकेक गाजर दिलं होतं.

"पोटशूळ आहे," सासूबाई म्हणाल्या. "गाडीवाला सांगायचा, घोडा यात बसला की उठत नाही. लोळला की आतडं पिळवटतं, मग संपलं. उठवा. लीद पडेपर्यंत चालवायची. थांबायचं नाही."

ढोरांचा डॉक्टर परळला, आणि त्या दिवशी गाड्या बंद. आवार एवढंसं, चार पावलांत भिंत. चालवायची तर रस्त्यावर. आणि दिवे लागले की रस्ता बंद.

घोडीला उठवायला आम्ही किती जणी लागलो ते सांगत नाही, कायद्याची मुदत अजून संपलेली नसेल. उठली एकदाची. सासूबाईंनी दोर धरला, मी एका बाजूने, वहिनी शेपटीकडून. वळणावर अध्यक्ष भेटले, हातात छत्री.

"तुम्ही दुसऱ्या बाजूला लागा," सासूबाई म्हणाल्या.

"मी? बाई, मला घोड्याची सवय..."

"तिलाही तुमची नाही. धरा."

धरलं बिचाऱ्यांनी. झाले चार. हवालदार धावत आला. मागे बायका, पुरुष, सगळे निघालेले.

"ओ बाई! काय चाललंय? घोडी धरून पाच होत्यात!"

"घोडीला माणसात धरताय?" सासूबाई न थांबता म्हणाल्या. "मग मतदार यादीत नाव घाला तिचं."

हवालदार विचारात पडला तेवढ्यात आम्ही पुढच्या खांबापाशी पोचलो. मागचे लोक त्याने चारचारांत तोडले. एक चौकडी, मग दोन खांबांचं अंतर, मग दुसरी चौकडी. घोडी लंगडत पुढे आणि अख्खं घाटकोपर मागून कवायत करत. एखाद्या संस्थानिकाची अशी वरात निघाली नसेल. सगळ्यांची नजर एकाच जागी, आणि ती जागा कोणती ते सभ्य घरातल्या बाईने लिहू नये.

स्टेशनापर्यंत गेलो, परत आलो. पुन्हा गेलो. घोडी मध्येच गुडघे मोडायची, की सासूबाई तिच्या कानात अशा काही शिव्या हासडायच्या की अध्यक्ष छत्री उघडायचे. तिसऱ्या फेरीला अध्यक्षांनी कोट काढला. चौथ्या फेरीला ते घोडीशी बोलायला लागले. "चल गं बाई, मी खाणवाल्याला... ते आपण नंतर बघू, आधी चल." हे मी स्वतः ऐकलं. नंतर ते नाकारायचे.

पण काही होईना. सूर्य टेकडीआड गेला. हवालदाराने घड्याळ बघितलं, काठी काखेत मारली आणि आमच्यापुढे येऊन उभा राहिला.

"आजी, आता घरी. दिवं लागलं. साहेब फेरीला येत्यात."

"आणि ही?"

"माणसांना बंदी हाय. जनावराला न्हाई."

"एकटी कशी चालेल? बसेल ती. आत नेली तरी बसेल." सासूबाईंचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. सगळ्या गावाला उठवणारा तो आवाज, मला नीट ऐकूही आला नाही. "बसली की गेली हो."

हवालदार घोडीकडे बघत राहिला. मग रस्त्याकडे, मग आमच्याकडे. डोकं खाजवलं.

"गस्त तर मला घालायचीच हाय," म्हणाला, आणि हात पुढे केला.

सासूबाई दोर सोडेनात. महिनाभर ज्याला बघून लोकांनी खिडक्या लावल्या त्याच्या हातात द्यायचा? मग दिला. "बसू द्यायचं नाही. आणि बोलत राहा तिच्याशी."

"काय बोलू?"

"काहीही. घरचं बोला."

सगळे घरात गेले. खिडक्यांच्या फटी मात्र उघड्या राहिल्या. दिवे न लावता आम्ही फटीला कान लावून उभे, समोर अध्यक्ष, पलीकडे वहिनी, चाळभर माणसं. रस्त्यावर फक्त टापा. लंगड्या, एक आखूड, तीन लांब. येत होत्या, जात होत्या. आणि त्यांच्याबरोबर हवालदाराचा आवाज, आधी लाजत, मग मोकळा.

"तुला सांगतो, आमची म्हातारी म्हणती, सोड ती नोकरी न् घरी ये. सोडून खाऊ काय? ...चल, चल, बसू नगंस. ...पोरगी झाली मला. अजून तोंड बघितलं न्हाई. रजा मागितली तर साहेब म्हणतो, बंदोबस्त संपू दे. बंदोबस्त संपंस्तवर पोरगी सासरी जाईल. ...आन् हितं कुणी पाणी विचारीत न्हाई. म्या काय मुंबई खिशात घालून नेतोय व्हय?"

आमच्या गल्लीत कुणाच्या घरी त्या वेळी भांडं वाजलं नाही. वहिनीच्या खिडकीतून नाक ओढल्याचा आवाज आला.

मग टापा थांबल्या. त्याचा आवाजही थांबला.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. बांगडी फुटली, मला कळलंही नाही. बसली, मला वाटलं. बसली ती.

"आजीऽऽ!" रस्त्यावरून हाक आली. "ओ आजी! झालं! झकास झालं!"

समोरच्या अंधारातून अध्यक्षांचा आवाज, "कितपत?"

"पाटीभर, साहेब! आजून चाललंयच!"

आणि खिडक्या उघडल्या. सगळ्या. कुणी थाळ्या बडवल्या, कुणी देवघरातली घंटा आणली, शिट्ट्या वाजल्या. जो तो आपापल्या घरात उभा. जमाव कुठेच नव्हता, पण असा गजर मी गणपतीतसुद्धा ऐकला नाही. वहिनीने खिडकीतून दोरीला तांब्या बांधून खाली सोडला. "पाणी पी रे बाबा, दमलंस!" हवालदार टोपी काढून प्यायला. सासूबाई दोन्ही गज धरून उभ्या होत्या. रडत होत्या की हसत होत्या ते मला अंधारात दिसलं नाही, पण शिव्या त्या दोन्हींत देत असत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः घराबाहेर पडल्या. इतक्या वर्षांत हळदीकुंकवाच्या दिवसांत त्या कुणाच्या पायरीला गेल्या नव्हत्या. आता सरळ प्रत्येक दारात. "ओटी बंद, वाण बंद. घोडी वाराने जेवेल," त्यांनी सांगितलं. गरिबाघरची शिकणारी मुलं जशी वार लावून जेवत, आज या घरी, उद्या त्या घरी, तसं. "ज्याचा वार त्याने घालायचं, दुसऱ्याने कुणी चिमूटभरही नाही. आणि काय घालायचं ते मी सांगीन." कुणी नाही म्हटलं नाही. काल तिच्या टापा मोजत बसलेल्या माणसांना तोंड वर करून नाही म्हणणं अवघड होतं. जमावाची गरजच नव्हती. एका दिवसाला एक घर. घरं जास्त झाली तेव्हा वार सकाळ-संध्याकाळ वाटून दिले. चाळीने मिळून मंगळवार घेतला. अध्यक्षांनी गुरुवार घेतला, पण बजावलं, "ही तात्पुरती व्यवस्था. बंदी उठली की सभा घेऊन घोडीचा रीतसर निर्णय करू. खाणवाल्याला मी शब्द दिलाय."

घोडीला वार असे पाठ झाले की विचारू नका. आमच्या ह्यांना पगाराचा दिवस लक्षात राहायचा नाही, पण ती सकाळी दोर सोडला की बरोबर त्या दिवसाच्या दारात जाऊन उभी. शुक्रवारच्या बाईंनी एकदा उठायला उशीर केला, तर म्हणे घोडीने कडी वाजवली. मी पाहिलं नाही, पण कडी वाकलेली पाहिली.

रथसप्तमी गेली. पुढे केव्हातरी बंदी उठली. अध्यक्षांनी लगेच सभा बोलावली, आमच्याच ओसरीवर, सगळे सभासद, गादी-तक्के घालून. बऱ्याच दिवसांनी पाचांहून जास्त माणसं बघून त्यांना भरून आलं. घसा साफ करून म्हणाले, "विषय पहिला. घोडी खाणवाल्यास देणे. यावर चर्चा..."

सासूबाई दारात उभ्या होत्या. हाताला शेण.

"आज वार कोणता?" त्यांनी विचारलं.

"गुरुवार," अध्यक्ष म्हणाले.

"मग तुमच्या दारात कोण उभं आहे ते बघा जरा. ऊन चढलं, अजून गवत नाही."

अध्यक्षांनी मान वळवली. समोर त्यांच्या पायरीशी घोडी उभी होती, डोळे ओले करून. ते उठले, कोट काढून माझ्या हातात दिला, आणि "सभा तहकूब" म्हणत धोतर सावरून रस्ता ओलांडून पळाले.